मांडवीच्या तापाला नाव देणारा डॉक्टर

(आमच्या प्रतिनिधीकडून)

छत्रपती संभाजीनगर : सप्टेंबर १९९४. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष पूर्ण होत आले होते आणि मराठवाडा त्या धक्क्यातून पुरता सावरलेलाही नव्हता. अशा वेळी आपल्या शहरापासून सव्वाशे किलोमीटरवर, बीड जिल्ह्यातील मामला या छोट्याशा गावातून वेगळीच बातमी आली. घराघरांत पिसवांचा उपद्रव वाढला होता, माणसे तापाने फणफणत होती आणि जांघेत, काखेत गाठी येत होत्या. थोड्याच दिवसांत सुरतेहून आणखी भयंकर वार्ता येऊन थडकली. तेथील रुग्णांना गाठी नव्हत्या. त्यांना धाप लागत होती, थुंकीतून रक्त पडत होते आणि एक-दोन दिवसांत खेळ आटोपत होता. प्लेग हा शब्द दवाखान्यांच्या पाटीवरून केव्हाच पुसला गेला होता. तो अचानक घरोघरी ऐकू येऊ लागला. साथ आली की गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे, ही आजी-आजोबांनी सांगितलेली गोष्ट खोटी नव्हती, हे नव्या पिढीला तेव्हा कळले.

त्याच्या बरोबर ९८ वर्षे आधी, सप्टेंबर महिन्यातच, या रोगाचे नाव मुंबईत प्रथम उच्चारण्याचे धाडस एका गोमंतकीय डॉक्टरने केले होते. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस हे त्यांचे नाव. मुंबईच्या धोबीतलाव भागात मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळा आहे. रोज हजारो माणसे त्याच्यासमोरून जातात. पुतळा कोणाचा, हे त्यातील किती जणांना ठाऊक असेल याविषयी शंकाच आहे. मराठवाड्यात तर हे नाव जवळजवळ अपरिचित. वास्तविक मामल्याच्या आणि सुरतेच्या अनुभवानंतर ते सर्वाधिक आठवावे ते आपणच.

व्हिएगस यांचा जन्म १८५६ मधला, गोव्यातील बार्देश तालुक्यातील हडफडे गावचा. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांचा अंमल होता आणि शिकून मोठे होऊ पाहणाऱ्या गोमंतकीय तरुणांचे डोळे मुंबईकडे लागलेले असत. व्हिएगस त्याच वाटेने मुंबईस आले. १८८० मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजातून ते उत्तम गुणांनी डॉक्टर झाले आणि त्यांनी मुंबईतच व्यवसाय मांडला. त्या काळचा खासगी डॉक्टर म्हणजे दवाखान्यात बसून राहणारा माणूस नव्हे. निरोप आला की घोडागाडीने वा पायी रुग्णाच्या घरी जायचे, अंधाऱ्या जिन्यांवरून वर चढायचे, एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांमधून रुग्णापर्यंत पोहोचायचे, असा तो व्यवसाय. मुंबईची वस्ती कशी आहे हे सरकारी कागदांपेक्षा अशा डॉक्टरांना अधिक ठाऊक असे. व्हिएगस १८८८ मध्ये महापालिकेवर निवडून गेले. घरोघरचा डॉक्टर आणि नगरसेवक या दोन भूमिका एकाच माणसात आल्या, ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

१८९१ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईची लोकसंख्या सव्वाआठ लाखांच्या घरात होती. गोदीला लागून असलेली मांडवी म्हणजे धान्याच्या गोदामांचा भाग. खाली पोत्यांच्या थप्प्या, वर माणसे, मध्ये उंदीर. १८९६ च्या पावसाळ्यात या भागात तापाने माणसे दगावू लागली. सप्टेंबरमध्ये व्हिएगस यांना तेथील एका रुग्णाकडे बोलावणे आले. कडक ताप, ग्लानी आणि जांघेत दुखरी गाठ. त्या वस्तीत फिरल्यावर तसेच आणखी रुग्ण त्यांना आढळले. मुंबईच्या डॉक्टरांपैकी बहुतेकांनी प्लेगचा रुग्ण उभ्या आयुष्यात पाहिलेला नव्हता. परंतु हाँगकाँगमध्ये १८९४ साली मोठी साथ येऊन गेली होती, तेथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी रोगाचा जंतू शोधला होता आणि हाँगकाँग-मुंबई ही जहाजांची नित्याची वाट होती. व्हिएगस यांनी दोन आणि दोन चार केले. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी निदान केले. महत्त्वाचे म्हणजे ते आपल्या वहीत न ठेवता त्याच महिन्यात महापालिकेच्या स्थायी समितीपुढे मांडले.

आज हे वाक्य लिहायला सोपे आहे. तेव्हा त्याचा अर्थ काय होता, हे ध्यानात घ्यायला हवे. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, कापसाचा व धान्याचा व्यापार बसणार, हज यात्रा थांबणार. झालेही तसेच, १८९७ मध्ये व्हेनिसला खास प्लेगसाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरवावी लागली आणि मुंबईहून हजला जाण्यास त्या वर्षी बंदी आली. साहजिकच व्यापारी वर्ग संतापला. महापालिकेच्या आरोग्य खात्यालाही सुरुवातीस हे नाव नको होते. एखादा विशिष्ट प्रकारचा गाठी येणारा ताप, अशा सौम्य शब्दांत ते भागवावे, असा कल होता. एका खासगी डॉक्टरच्या, तेही एका हिंदी डॉक्टरच्या, शब्दावर साऱ्या शहराने घाबरावे काय, हाही प्रश्न होताच. निदान पडताळण्यासाठी तज्ज्ञांची चार पथके नेमली गेली. त्या प्रत्येकाचा निष्कर्ष व्हिएगस यांच्याच बाजूने पडला. ऑक्टोबरमध्ये सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिन यांना बोलावले, त्यांनीही जंतू तपासून प्लेगची खात्री दिली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली.

निदान बरोबर ठरले म्हणून उपायही बरोबर झाले असे मात्र नाही. हा रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांमार्फत माणसाला होतो, हे तेव्हा कोणासही ठाऊक नव्हते. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये कराचीत ते दाखवून दिले आणि जगाने ते मान्य करायला आणखी काही वर्षे लावली. तोवर मुंबईच्या गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक ॲसिड अक्षरशः ओतले गेले. व्हिएगस यांनीही वस्ती साफ करण्याचा धडाका लावला होता. त्यांची तळमळ खरी होती, पण घाण हेच मूळ कारण, ही त्या काळची समजूत तेही पूर्णपणे ओलांडू शकले नाहीत. एका ठिकाणी धुलाई झाली की उंदीर शेजारच्या आळीत जात आणि पिसवा त्यांच्याबरोबर. चरित्रे लिहिताना हा भाग गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तो गाळला, तर व्हिएगस यांचे खरे मोठेपण नेमके कशात होते ते दिसत नाही. उपाय त्यांच्या हाती नव्हता. नाव देणे हाती होते आणि ते त्यांनी वेळेवर दिले.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्तांनी रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचे अधिकार वापरले. रुग्णालय म्हणजे मरणाचे घर, अशी लोकांची भावना होती. जात, सोवळे, बायकांची तपासणी, परक्या हातचे अन्न या साऱ्या भीती त्यात मिसळल्या. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. तेच रुग्णालय आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखले जाते. फेब्रुवारी १८९७ पर्यंत निम्म्याच्या आसपास मुंबईकर शहर सोडून गेले होते आणि रोग त्यांच्याबरोबर देशावर चढला. त्याच महिन्यात साथरोग कायदा झाला. पुण्यात १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. हे सर्व इतिहासाच्या पुस्तकात आहे. पुस्तकात सहसा नसते ते रुग्णालयाच्या खाटांवर काय घडत होते ते.

मुंबईच्या मृत्यूनोंदींत त्या हिवाळ्यात एक विचित्र गोष्ट दिसत होती. प्लेगने गेले म्हणून लिहिलेल्यांची संख्या आणि नेहमीपेक्षा जास्त झालेले एकूण मृत्यू यांचा मेळ बसेना. उरलेले मृत्यू नोंदले जात होते ते साधा ताप आणि श्वसनाचे विकार या सदरांत. काही नोंदी नातेवाइकांनी मुद्दाम खोट्या दिल्या होत्या. प्लेग म्हटले की घर उघडे पडणार, सामान जळणार, माणसे छावणीत जाणार, हे सर्वांना कळून चुकले होते. पण सगळाच दोष लपवाछपवीचा नव्हता. काही रुग्णांना खरोखरच गाठ नव्हती. त्यांना थंडी वाजून ताप येई, छातीत कळ येई, खोकला आणि पातळ, रक्तमिश्रित कफ पडे. वैद्यकशास्त्राच्या तेव्हाच्या पुस्तकाप्रमाणे हा न्यूमोनिया होता आणि तसाच तो रुग्णालयाच्या नोंदवहीत चढत होता. अशा रुग्णाला वेगळे ठेवण्याचे कारण नव्हते; तो सर्वसाधारण कक्षात, इतरांच्या शेजारी झोपत असे.

हे कोडे सोडवले ते व्हिएगस यांच्याच महाविद्यालयात शिकविणाऱ्या डॉ. चाइल्ड यांनी. ते विकृतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि न्यूमोनियाने मेलेल्यांचे शवविच्छेदन करत असताना त्यांना फुप्फुसांत प्लेगचे जंतू भरलेले आढळले. गाठींचा मागमूसही नव्हता. त्यांनी १८९७ मध्ये ही माहिती वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे मांडली. फुप्फुसाचा प्लेग हा स्वतंत्र प्रकार आधुनिक वैद्यकाला अशा रीतीने मुंबईत कळला. पण त्याची किंमत मोजून झाली होती. जे. जे. रुग्णालयातील सर्जन-मेजर मॅन्सर या प्रकारच्या प्लेगने गेले आणि त्यांची शुश्रूषा करणारी परिचारिकाही त्याच आजाराने गेली. गाठीचा प्लेग झालेल्या रुग्णाशेजारी बसल्याने रोग सहसा लागत नाही. मध्ये पिसू लागते. फुप्फुसाच्या प्लेगात ती अडचण उरत नाही. खोकल्याचे तुषार पुरतात. म्हणजे ज्या प्रकारापासून रुग्णालयाला सर्वाधिक धोका, नेमका तोच ओळखायला सर्वांत अवघड.

गाठीच्या प्लेगाला व्हिएगस यांनी नाव दिले, कारण गाठ डोळ्यांना दिसते, हाताला लागते. छातीतल्या प्लेगाला अशी खूण नाही. उपचार न मिळाल्यास तो बहुतेक सर्व रुग्णांचा जीव घेतो आणि औषध पहिल्या चोवीस तासांत सुरू व्हावे लागते. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे आज हाताशी आहेत. परंतु साध्या न्यूमोनियावर नेहमी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिन गटातील औषधांचा येथे भरवसा धरता येत नाही. निदान चुकले की औषधही चुकते आणि ते कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

सुरतेत १९९४ मध्ये हेच सगळे पुन्हा घडले. तेथे रोजगारासाठी गेलेल्यांत मराठी माणसांची संख्या मोठी होती, म्हणून तेथील प्रत्येक बातमीने खानदेशात आणि मराठवाड्यात घालमेल होत होती. रुग्ण येऊ लागले तेव्हा आरंभी मलेरिया किंवा तीव्र न्यूमोनियाचा संशय घेतला गेला. मग प्लेगचा शब्द बाहेर पडताच खासगी दवाखाने बंद झाले, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या आणि लाखो लोकांनी शहर सोडले. मुंबईची १८९६-९७ ची गोष्टच जणू पुन्हा सांगितली जात होती. परदेशी विमान कंपन्यांनी उड्डाणे रोखली, मालाची मागणी थांबली. देशभरात चाचणीवरून प्लेगचे संभाव्य रुग्ण म्हणून ८७६ जणांची नोंद झाली, मृत्यू ५४ झाले. भीतीच्या मानाने आकडा लहान वाटेल, पण औषध वेळेवर मिळाल्यामुळेच तो लहान राहिला.

त्यानंतर वाद सुरू झाला तो निराळाच. हा प्लेग होताच काय? काही जाणकारांनी मेलिऑइडोसिस या दुसऱ्या जिवाणूजन्य आजाराचे नाव घेतले, काहींनी उंदरांपासून येणाऱ्या हंटा विषाणूचे. जंतू वाढवून खात्री करण्याचे काम पहिल्या दिवसांत नीट झाले नव्हते, त्यामुळे शंकेला जागा राहिली. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तांत्रिक समिती नेमावी लागली. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी जंतूंच्या जनुकीय तपासणीवरून तो प्लेगचाच जंतू असल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा २००० साल उजाडले होते. व्हिएगस यांचे निदान चार पथकांनी काही आठवड्यांत पडताळले. आपल्याला, सूक्ष्मदर्शकापुढची सारी साधने असताना, सहा वर्षे लागली. ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही हे मान्य. मरणाऱ्याच्या अंगावर गाठ असेल तर काम सोपे होते. तरीही ती मनातून जात नाही.

पुढेही हा रोग अधूनमधून डोकावत राहिला. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील शिमला जिल्ह्यात हाटकोटी परिसरात फुप्फुसाचा प्लेग झाला. १६ रुग्णांपैकी चौघे दगावले. रानमांजराचे कातडे सोलणाऱ्या शिकाऱ्यापासून त्याची सुरुवात झाल्याचे आढळले. प्रयोगशाळा किती आधुनिक आहे याने प्रश्न सुटतोच असे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात २०१४ मध्ये आजारी कुत्र्यापासून त्याच्या मालकाला प्लेग झाला. तो न्यूमोनिया म्हणून रुग्णालयात दाखल होता आणि तेथील स्वयंचलित यंत्राने रक्तातील जंतूला चक्क दुसऱ्याच जंतूचे नाव दिले. कुत्र्याच्या मृत्यूची कथा कोणीतरी जोडून पाहिली, मग फेरतपासणी झाली. एकूण चौघांना लागण झाली होती, चौघेही वाचले. व्हिएगस मांडवीच्या जिन्यावरून वर जाऊन आजूबाजूच्या खोल्या पाहत, तेच काम येथे कोणीतरी केले होते. साधन तेवढे बदलले.

आपल्या शहराचे नावही या रोगाच्या जुन्या कथेत आहे, हे येथे सांगायला हरकत नाही. औरंगजेबाची एक पत्नी औरंगाबादी महल या नावाने ओळखली जात असे. १६८८ मध्ये विजापुरात आलेल्या गाठीच्या साथीत ती मरण पावली. म्हणजे दख्खनला हा रोग नवा नव्हता. दोनशे वर्षांच्या खंडात तो पाहिलेले डोळेच उरले नव्हते, आणि १८९६ च्या डॉक्टरांपुढे ग्रंथातले वर्णन आणि समोरचा रुग्ण यांची गाठ घालून देणारे कोणीही नव्हते.

व्हिएगस यांनी नंतर काय केले? साथीच्या काळात त्यांनी स्वतःच्या हाताने सुमारे १८ हजार लोकांना लस टोचल्याचे सांगितले जाते. लसीविषयी शहरात नाना अफवा होत्या. अशा वेळी वस्तीत ओळखीचा असलेला डॉक्टर हातात सुई घेऊन उभा राहतो तेव्हा कोणत्याही फर्मानापेक्षा अधिक काम होते. गेल्या काही वर्षांत करोनाच्या लसीकरणात आपल्या तालुक्यातालुक्यांतील आरोग्य सेविकांनी हाच अनुभव घेतला. १८९७ चा साथरोग कायदा तर मार्च २०२० मध्ये राज्यात पुन्हा लागू झाला, हा त्या काळाशी आपला आणखी एक धागा.

१९०६ मध्ये व्हिएगस महापालिकेचे अध्यक्ष झाले. महापौर हे पद अजून आलेले नव्हते. ते नाव १९३१ मध्ये मिळाले. ज्या सभागृहाला त्यांनी दहा वर्षांपूर्वी नकोशी बातमी दिली होती, त्याच सभागृहाने त्यांना सर्वोच्च आसन दिले. तोपर्यंत रोग मुंबईतून हलला नव्हताच. १८९६ नंतरच्या दोन-अडीच दशकांत देशभर एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली, त्यात सर्वांत मोठा वाटा पंजाबचा होता. शहराची रचना सुधारण्यासाठी १८९८ मध्ये मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले, रस्ते रुंद झाले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती उभ्या राहिल्या. परळला १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा गेली आणि १९२५ पासून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९३३ मध्ये डॉ. व्हिएगस यांचे निधन झाले. काळबादेवीजवळच्या कावेल भागात एका रस्त्याला त्यांचे नाव आहे. मेट्रोसमोरच्या पुतळ्याच्या अंगावर महापालिकेचा झगा आहे. पाठीमागे आझाद मैदान, समोर बसथांबा आणि धोबीतलावची वर्दळ. मांडवी तेथून फार दूर नाही. गोदामे असलेला तो भाग आजही मसाले आणि सुक्या मेव्याच्या बाजारासाठी ओळखला जातो.